गाडी तापली, हे कारण नव्हे

(टी.ई. मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल)

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्याचे चार तास, आणि बाकीच्या तासांना मराठीत बोललं की बाकावर उभं राहायचं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या मॅडमवर. हाच विषय इंग्लिश सेक्शनला दिला असता तर त्याचा टेक्निकल पेपर झाला असता आणि मग तो कोणी वाचला नसता. म्हणून इकडे आले.

संध्याकाळी मेसच्या वेळेला हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये जरा उभे राहून बघा. एक तरी गाडी बंद पडलेली असते, तिच्याभोवती पाच-सहा जण जमलेले असतात, आणि निदान ठरलेलं असतं : "तापली रे." घाटात बंद पडली, तापली. हायवेला बंद पडली, तापली. एकदा तर भर पावसात बंद पडली, तरी तापलीच. उपायही ठरलेला. दहा मिनिटं थांब, गार होऊ दे. दहा मिनिटांनी किक मारली की गाडी चालू होते, आणि सगळे एकमेकांकडे बघतात, बघ म्हटलं नव्हतं!

माझं म्हणणं एवढंच आहे की हे निदान नाहीच. दहा मिनिटं थांबणं हे असं औषध आहे की ते पाच वेगवेगळ्या रोगांवर सारखंच लागू पडतं. मग त्याने बरं वाटलं यावरून रोग कोणता ते कसं कळणार? आणि आपण, थर्मो आणि फ्लुइड मेकॅनिक्स पास झालेले लोक (मी फ्लुइड दुसऱ्या अटेम्प्टला, तो भाग वेगळा), हेच करतो. मी पण हेच केलं. त्याचे ४,६५० रुपये बाबांनी भरले.

गाडी बाबांची. २००४ सालची, १०० सीसीची, कार्बोरेटरवाली. बाबा तिच्यावरून साताऱ्यात वीस वर्षं ऑफिसला गेले आणि माझी सेकंड इयरची अ‍ॅडमिशन झाल्यावर चावी माझ्या हातात दिली. घरी आईचा विरोध होता, नातेवाईकांचा तर होताच. मुलगी कोल्हापूरकडून साताऱ्यापर्यंत हायवेने मोटरसायकलवर येणार म्हटल्यावर काकांनी फोन करून बाबांना तासभर समजावलं होतं. त्यामुळे ही गाडी बंद पडणं म्हणजे फक्त गाडी बंद पडणं नव्हतं. प्रत्येक वेळी घरात "आम्ही म्हटलं नव्हतं का" सुरू व्हायचं.

जुलै २०२५ मध्ये टाकीत पावसाचं पाणी गेलं. झाकणाचं रबर जुनं झालं होतं, चिरा पडल्या होत्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात पाणी गेलं की इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं आणि ते मिश्रण टाकीच्या तळाशी जाऊन बसतं, म्हणजे बरोबर कॉकच्या तोंडाशी. गाडी चालूच होईना. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर साफ केला, आणि झाकणासाठी कंपनीचं रबर मिळत नव्हतं म्हणून पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. मीच त्याला सांगितलं, "एकदम टाइट बसू दे, पाण्याचा थेंब आत जायला नको." त्याने खरंच तसं बसवलं. बिचाऱ्याची काही चूक नाही.

ऑगस्टमध्ये गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. गावात फिरताना काही नाही. कॉलेज ते बसस्टँड, बसस्टँड ते कॉलेज, मजेत. हायवेला लागलं, साठचा स्पीड धरला, की दहा-बारा किलोमीटरवर गाडी हिसके द्यायला लागायची, पेट्रोल संपताना देते तसे. कॉक रिझर्व्हवर केला तरी फरक नाही. मग बंद. दहा मिनिटांनी चालू. परत दहा-बारा किलोमीटर, परत बंद. किणी टोलनाक्याच्या पुढे एकदा ती मधल्या लेनमध्ये बंद पडली तेव्हा मागून ट्रक येत होता. त्याचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे. मी गाडी सोडून देऊन डिव्हायडरकडे पळायचा विचार केला होता, इतका वेळ मिळाला म्हणजे तसं नशीबच.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. "इंजिन ओव्हरहीट होतंय," एवढंच सांगितलं. बाबांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, बाबा, मी मेकॅनिकलला आहे.

आता गंमत बघा. त्याच सेमिस्टरला आय.सी. इंजिनच्या पेपरात 'इंजिन अतितप्त होण्याची कारणे लिहा' असा प्रश्न होता आणि मी आठ कारणं लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. ऑइल कमी, फिन्समध्ये चिखल, टायमिंग चुकलेलं, मिक्श्चर लीन, ब्रेक चिकटलेला, क्लच घसरतोय, ओव्हरलोड, चुकीचा प्लग. ती यादी पाठ करून मी गॅरेजला गेले. मिस्त्रींनी ऑइल बघितलं, ठीक. फिन्स साफ. प्लग काढला तर पांढराफटक. ते म्हणाले, "ताई, इंजिन तापतंय बघा, प्लग सांगतोय." मी लगेच मान हलवली. पांढरा प्लग म्हणजे जास्त उष्णता, हे पुस्तकातही आहे. मग बोअर केला, पिस्टन नवा, रिंगा नव्या, पॅकिंग किट, मजुरी. मी त्यांना दोष देत नाही. मीच इतक्या खात्रीने 'ओव्हरहीट' म्हणत होते की त्यांनी दुसरं काही शोधावं अशी जागाच ठेवली नव्हती. बाबांनी पैसे पाठवताना फोनवर काही म्हटलं नाही. आईकडून नंतर कळलं, त्यांच्या चष्म्याचा नंबर बदलायचा होता तो त्यांनी पुढे ढकलला.

बोअर झाल्यावर रनिंग-इन म्हणून मी पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर गेलेच नाही. सगळं उत्तम! दुरुस्ती झाली असं मी जाहीर पण केलं.

दिवाळीची सुट्टी संपवून परत येताना साठचा स्पीड धरला आणि कासेगावच्या अलीकडे गाडी बंद. त्या वेळी रस्त्याच्या कडेला बसून मी जवळजवळ रडत होते. ऊसतोड सुरू झाली होती. दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर माझ्यापुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर. "काय झालं ताई?" म्हटलं तापली. तो म्हणाला, "बघू." त्याने इंजिनला हातसुद्धा लावला नाही. चावी घेतली आणि टाकीचं झाकण उघडलं.

फस्स! हवा आत गेली. स्पष्ट आवाज, मी दोन फुटांवरून ऐकला. झाकण परत नुसतं टेकवून तो म्हणाला, मार किक. बंद पडून दोन मिनिटंही झाली नव्हती, इंजिन हात भाजेल इतकं गरम होतं. किक मारली, थोडी खाकरली, दुसऱ्या किकला चालू. "टाकीनं हवा धरलीय. झाकणाचं काय काम केलंय का एवढ्यात?"

हा प्रश्न मला ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत कोणी विचारला नव्हता. मी स्वतःला पण नाही. डॉक्टरकडे पोट दुखतंय म्हणून गेलं तर तो आधी विचारतो, काल काय खाल्लं? आम्ही सरळ पोट फाडलं होतं.

आता यातलं शास्त्र सांगते, कारण ते आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटच्या बाहेरचं नाही. अशा कार्बोरेटरच्या मोटरसायकलला सहसा पेट्रोल पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. टाकीतल्या पेट्रोलची पातळी आणि फ्लोट बाऊल यांच्यात समजा २० सेंटिमीटरचा फरक आहे. पेट्रोलची घनता साधारण ७४० किलो प्रति घनमीटर. म्हणजे पेट्रोल खाली ढकलणारा दाब झाला जेमतेम १,४५० पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या दीड टक्कासुद्धा नाही! पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा यायला हवी, त्यासाठी झाकणात एक बारीक वाकडीतिकडी वाट ठेवलेली असते. ती बंद झाली की टाकीतली हवा ताणली जाते, तिचा दाब उतरतो, आणि तो दीड टक्का उतरला की पेट्रोल आहे तिथे थांबतं. टाकी भरलेली असून इंजिन उपाशी.

१० लिटरची टाकी अर्धी असेल तर आत ५ लिटर हवा. तिचा दीड टक्का म्हणजे ७०-७५ मिलिलिटर पेट्रोल. लिटरला ६० च्या हिशेबाने सव्वाचार-साडेचार किलोमीटर. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ त्या रिकाम्या जागेतला काही भाग भरून काढते, म्हणून हे अंतर दुप्पट-अडीचपट धरायला हरकत नाही. आलं की नाही दहाच्या आसपास? हा हिशेब मी त्या रात्री रूमवर बसून कॅलक्युलेटरवर केला आणि मला स्वतःचा फार राग आला. यातून अजून एक निघतं. टाकी काठोकाठ भरली की आत हवा कमी, म्हणजे गाडी उलट लवकर बंद पडणार. तसंच व्हायचं! टाकी फुल केली की दगा द्यायची, आणि मी पंपवाल्याला शिव्या घालायचे की भेसळ करतो.

आणि गावात का नाही? कारण वाट पूर्ण बंद नव्हती, थोडी झिरपत होती. हळू चालवताना पेट्रोल कमी लागतं, तेवढी हवा कशीबशी आत जायची. साठला मागणी वाढली की पुरवठा तुटायचा. दहा मिनिटं थांबलं की तीच झिरपणारी हवा आत जाऊन दाब सारखा व्हायचा. इंजिन गार होणं आणि टाकीत हवा भरणं या दोन्ही गोष्टी त्याच दहा मिनिटांत होत होत्या, आणि आम्ही दिसत होती तिलाच श्रेय देत होतो.

तो पांढरा प्लग खोटं बोलत नव्हता, हे मात्र मान्य करायला हवं. फ्लोट बाऊलमधली पातळी उतरली की मिक्श्चर लीन होतं, लीन मिक्श्चरने इंजिन जास्त तापतं. म्हणजे गाडी तापत होतीच. पण ती उपाशी होती म्हणून तापत होती. मी बाण उलटा काढला होता. माझ्याच आठ कारणांच्या यादीत 'मिक्श्चर लीन' चौथ्या नंबरला होतं, आणि 'का लीन?' हा पुढचा प्रश्न त्या यादीत नव्हता.

हेच मी मेसमधल्या काकूंना सांगायला गेले तर त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अगं, तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडावी लागतात की. एका भोकातून तेल गुडगुड करत येतं, मग मध्येच थांबतं." संपला विषय. माझी दोन पानं आकडेमोड आणि त्यांचं एक वाक्य.

आता जे बंद पडलेल्या गाडीभोवती उभे असतात त्यांच्यासाठी. थांबू नका, आणि दोन गोष्टी एकदम करू नका. गाडी हिसके द्यायला लागली की बंद पडायच्या आधी चोक ओढून बघा. चोक ओढल्यावर क्षणभर सावरली तर पेट्रोल कमी पडतंय. बंद पडली की लगेच, गरम असतानाच, झाकण उघडा, आवाज ऐका, आणि किक मारा. लगेच चालू झाली तर हवेची वाट बंद आहे. नाही झाली तर झाकण घट्ट लावा आणि फ्लोट बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करून एखाद्या बाटलीत बघा. धार सलग येत असेल तर पेट्रोलचा दोष नाही, पुढे जा. मग स्पार्क. इथे हात जोडून सांगते, स्पार्क बघताना टाकीचं झाकण बंद आणि पेट्रोलची बाटली लांब ठेवा. आजूबाजूच्या सिगारेटवाल्यांना पण लांबच ठेवा. गरम असताना स्पार्क नाही आणि गार झाल्यावर आहे, तर कॉइलकडे संशय घ्यायचा. स्पार्क आहे, पेट्रोल आहे, पण किक नेहमीपेक्षा हलकी जातेय, तर व्हॉल्व्ह टाइट झाले असतील, गरम झाल्यावर नीट बसत नसतील. आणि किकच उतरत नसेल, इंजिन जाम असेल, तर मात्र ती खरोखरची तापलेली गाडी. तिला अजिबात जोर लावू नका.

"झाकणाला सुईने भोक पाड, झंझट नको," असा सल्ला मला बॉइज हॉस्टेलच्या तीन एक्स्पर्टनी दिला. नको. ब्रेक मारला की त्या भोकातून पेट्रोल उडून गरम इंजिनवर येणार आणि पावसात पाणी आत जाणार, म्हणजे मी जिथून सुरुवात केली तिथेच परत. झाकणाची मूळ वाट धुऊन मोकळी करायची. बाहेरून आत हवा जाते की नाही ते सायकलच्या पंपाने हलकेच बघता येतं. काही झाकणांत व्हॉल्व्ह असतो, तो हवा आत घेतो पण बाहेर सोडत नाही, त्यामुळे उलट्या बाजूने फुंकून 'ब्लॉक आहे' म्हणू नका. आणि ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. पेट्रोलला नायट्राइल रबर लागतं, हे मटेरियल सायन्सच्या नोट्समध्ये माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं! माझं रबर जुलैत बसवलं तेव्हा ठीक होतं, ते हळूहळू फुगत गेलं आणि ऑगस्टमध्ये त्याने वाट दाबली.

ज्यांच्याकडे नव्या गाड्या आहेत त्यांनी हसू नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर कार्बोरेटर जवळजवळ गेले, पेट्रोलला पंप आला. पण टाकीला श्वास लागतोच. या गाड्यांत टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाते आणि तिथून इंजिनात ओढली जाते. पंपावर "काठोकाठ भर" म्हणत गळ्यापर्यंत पेट्रोल घेतलं की ते पातळ रूपातच कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं, कोळसा भिजला की वाट अडते. नळी मुडपली तरी तेच. झाकण उघडताना रोज जोरात फस्स होत असेल तर 'सील भारी आहे' म्हणून खूश होऊ नका. मी व्हायचे.

आता थोडं सरांशी बोलते, राग मानू नये. वर्कशॉपमध्ये आम्ही फर्स्ट इयरला व्ही-जॉइंट घासला, बोटं सोलून घेतली. लॅबमध्ये चार-स्ट्रोक इंजिनचा कट-सेक्शन बघितला, त्याचं जर्नल सिनिअरचं बघून उतरवलं. ओरलला व्याख्या विचारतात, कारणं विचारतात, आकृती काढायला सांगतात. "ही दोन कारणं एकमेकांपासून वेगळी कशी ओळखशील?" हा प्रश्न मला तीन वर्षांत एकाही ओरलला आलेला नाही. कारणांची यादी पाठ होते. पण ट्रॅक्टरवाल्याकडे यादी नव्हती, त्याच्याकडे पुढचा प्रश्न होता.

वर्कशॉपच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मोटरसायकल धूळ खात उभी आहे. तिला चालू करायला फार खर्च येणार नाही. दर आठवड्याला लॅब असिस्टंट काकांनी तिच्यात एक गुपचूप बिघाड करून ठेवायचा. कधी झाकणाची वाट बंद, कधी कॉइलची वायर सैल, कधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स कमी. बॅचने शोधायचं. आणि मार्क बरोबर उत्तराला द्यायचे नाहीत, कोणती टेस्ट आधी केली आणि का, ते कागदावर लिहिलंय त्याला द्यायचे. एखाद्याने अंदाजाने बरोबर सांगितलं तर शून्य. माझ्यासारखी कोणी आत्मविश्वासाने 'ओव्हरहीट' म्हणाली तर तिला एवढंच विचारायचं, नसेल तर कसं कळेल? एच.ओ.डी. सरांना मी हा अर्ज लिहून दिलाय, 'विचार करू' असं उत्तर आलंय. मेसमध्ये सह्यांचा कागद ठेवला आहे. आत्तापर्यंत एकतीस सह्या झाल्यात, त्यातल्या नऊ सिव्हिलवाल्यांच्या, का ते माहीत नाही.

बाबांना मी सगळं सांगितलं, किणीचा ट्रक पण. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मधल्या लेनमधून जाऊ नकोस." पैशांचं काहीच बोलले नाहीत. चष्मा त्यांनी जानेवारीत केला.

नवीन नायट्राइलचं रबर साठ रुपयांना मिळालं. जुनं, फुगलेलं रबर माझ्या ड्राफ्टरच्या पिशवीत ठेवलंय. कोणाला बघायचं असेल तर रात्री जेवणानंतर मेसच्या दाराशी भेटा, मी असते.